वादळ आणि बादल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा लेखरूप मजकूर)



व्याख्यानाचा विषय विचारण्यासाठी मंडळाच्या कार्यवाहांचा दूरध्वनी आला, तेव्हा मी 'वादळ' असे उत्तर दिले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग अतिशय नम्रपणे ते म्हणाले, "बाई, सुवर्णमहोत्सव आहे. थोडा शुभ विषय नाही का सुचत?" मी त्यांना सांगितले की माझ्या हाती दुसरा विषय नाही. जयपुरात पन्नास वर्षांहून अधिक काळ काढल्यावर, आणि त्यातला बराचसा मुलांना संस्कृत शिकवण्यात घालवल्यावर, एका शब्दाने मला म्हातारपणी जो धडा दिला तो आपल्या माणसांसमोर एकदा उघडपणे सांगावा, एवढीच माझी इच्छा आहे. त्यांनी उदारपणे संमती दिली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मी मूळची श्रीवर्धनची. रायगड जिल्ह्यातले हे समुद्रकाठचे गाव आपणांपैकी पुष्कळांना पेशव्यांचे मूळ गाव म्हणून ठाऊक असेल. आमच्याकडे पोफळी आणि माडांची वाडी होती. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. त्यामुळे वाऱ्याची भाषा आम्हां मुलांना बाराखडीच्या आधीच येत असे. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई, दुपारी समुद्राकडून येतो तो खारा वारा. झुळूक निराळी, सोसाटा निराळा. उन्हात धूळ-पाचोळा गरगरा फिरवीत अंगणातून निघून जाते ती वावटळ. वैशाखात दुपारनंतर गडगडाट करून बरसतो तो वळीव. जुन्या माणसांच्या तोंडी 'वारा-वावधान' असा जोडशब्द असे. 'वाऱ्यावावधानात पोराला घेऊन कुठे निघालीस?' असे आजी आईला विचारी. या सर्वांच्या वर, सर्वांहून भयंकर असा एक शब्द होता, तो म्हणजे वादळ. तो घरात सहसा कोणी मोठ्याने उच्चारीत नसे. वादळ म्हणजे होडी परत न येणे, वादळ म्हणजे कौले उडणे, वादळ म्हणजे वाडीतली झाडे आडवी होणे. त्याला आनंदाचा अर्थ असू शकेल, ही कल्पनाच आम्हांला शिवली नव्हती.

१९७३ साली लग्न होऊन मी जयपुरास आले. चांदपोल बाजाराच्या आतल्या एका गल्लीत आमचे भाड्याचे बिऱ्हाड होते. खाली चौक, वर छत. वैशाख अखेरीस एके दिवशी दुपारी मी छतावर पापड वाळत घालीत होते. हवा अगदी पडली होती. एकाएकी शेजारच्या मांजी आपल्या छतावरून ओरडल्या, "बीनणी, आंधी आवै छै!" मला तो शब्दही कळला नाही आणि ती घाईही. मी पाहिले तो नाहरगडाच्या डोंगरामागचे आकाश पिवळे झाले होते. बघता बघता ते तपकिरी झाले, आणि धुळीची एक उंच भिंत शहराच्या अंगावर चालून आली. पापड कुठे गेले ते देवालाच ठाऊक. खोलीत शिरून दार लावून घेतले, तरी फटींतून धूळ येतच राहिली. भर दुपारी दिवा लावावा लागला. अर्ध्या-पाऊण तासाने सारे शांत झाले. चार थेंब पडले, मातीचा वास सुटला. मी दातांखाली कचकचणारी रेती थुंकीत, रडवेल्या चेहऱ्याने बाहेर आले, तर मांजी हसतमुखाने छत झाडीत होत्या. "चलो, ठंडक हो गई," त्या म्हणाल्या. माझा संसार धुळीला मिळाला होता, आणि त्यांना गारवा झाल्याचे समाधान होते!

त्या रात्री वडिलांना पत्र लिहिले. त्यात एक वाक्य होते : 'आज येथे मोठे वादळ झाले.' सात-आठ दिवसांनी दारात तारवाला उभा. वडिलांनी आमच्या खुशालीची चौकशी केली होती! श्रीवर्धनच्या माणसाने 'वादळ' हा शब्द वाचला, आणि त्याच्या डोळ्यांपुढे पडलेले छप्पर उभे राहिले. यजमानांनी उलट तार केली, आणि मला प्रेमाने बजावले, "यापुढे 'आंधी' असेच लिहीत जा." तेव्हापासून आमच्या पत्रव्यवहारात हा परका शब्द रुजू झाला. खरे पाहता तो फारसा परका नाही. 'अंध' या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. दिवसाढवळ्या डोळ्यांपुढे अंधार करते ती आंधी. आपला 'आंधळा', आपला 'अंधार' आणि मुलांची 'आंधळी कोशिंबीर' हे सारे त्याच कुळातले. पुढे आई जयपुरास राहावयास आली असता आंधीत सापडली, आणि चौकात चाचपडत खांबाला धरून म्हणाली, "अग, ही तर आंधळी कोशिंबीरच!" व्युत्पत्तीचा याहून सोपा पाठ मी वर्गात कधी दिला नाही.

आता आपल्या मराठीत या वादळाने कुठे कुठे घर केले आहे ते थोडे पाहू. निसर्गातले वादळ आपण किनाऱ्यावर सोडून आलो, पण बोलण्यातले बरोबर आणले. सभेत वादळी चर्चा होते, एखाद्या नेत्याचे व्यक्तिमत्त्व वादळी असते, मनात विचारांचे वादळ उठते आणि कालांतराने ते शमते. चहाच्या पेल्यातले वादळ आपण इंग्रजांकडून घेतले, आणि मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेने ते पूर्णपणे आपलेसे केले! 'तुफान' हा शब्द अरबीतून आला. तिकडे त्याचा मूळ अर्थ महापुराचा. नोहाच्या वेळचा जलप्रलय म्हणजे तुफान. आपल्याकडे मात्र गर्दी तुफान होते, नाटक तुफान चालते. आणि १९४३ मध्ये साताऱ्याच्या प्रतिसरकारने आपल्या लढवय्या तरुणांच्या दलास 'तुफान सेना' असे नाव दिले. 'झंझावात' हा संस्कृतातून आला आणि थेट निवडणुकीच्या दौऱ्यांवर गेला. 'चक्रीवादळ' मात्र नव्या शास्त्राचे अपत्य. १८४८ मध्ये कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन यांनी सापाच्या वेटोळ्यावरून 'सायक्लोन' हा शब्द घडविला, आणि त्याला आपण 'चक्री' हे विशेषण जोडून उत्तर दिले. वारा एकाएकी ताशी सुमारे तीस किलोमीटरने वाढून चाळीसच्या वर गेला आणि निदान एक मिनिटभर तसाच टिकला, तर शास्त्रीय मराठीत त्यास 'चंडवात' म्हणतात. आणि वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला की आपले हवामान खाते समुद्रावरच्या त्या आवर्तास चक्रीवादळाचा दर्जा देते. आपण बोलताना ही मापे वापरीत नाही, तरी वावटळीला वादळ म्हणण्याची चूक कोकणातले पोरही करीत नाही.

या शब्दाचा एक उपयोग मात्र जयपुरात राहून मला खटकू लागला. मराठ्यांच्या घोडदळाचे वर्णन आपण अभिमानाने 'वादळ' म्हणून करतो. शाळेत मी तशी भाषणे ठोकली आहेत. येथे आल्यावर त्रिपोलिया बाजारात ईसरलाट हा उंच मनोरा पाहिला आणि तो बांधविणाऱ्या सवाई ईश्वरीसिंहांची कहाणी ऐकली. १७३५ मध्ये पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई तीर्थयात्रेच्या वाटेवर या शहरात आल्या, तेव्हा सवाई जयसिंहांनी त्यांचा मोठा सन्मान केला होता. परंतु पुढे पंधरा वर्षांतच चित्र पालटले. खंडणीसाठी मल्हारराव होळकरांची फौज जवळ आली, तेव्हा डिसेंबर १७५० मध्ये ईश्वरीसिंहांनी विष घेऊन जीवन संपविले; आणि जानेवारी १७५१ मध्ये शहरात आलेल्या मराठ्यांवर जयपूरचे नागरिक तुटून पडले व मोठी कत्तल झाली. आपण ज्यास वादळ म्हणून गौरवितो, ते ज्यांच्या छपरांवरून गेले त्यांनी त्यास काय म्हणावे? हा प्रश्न मी आपल्यापुढे केवळ ठेवते. जे वादळाबरोबर धावतात त्यांचा शब्द आणि जे वादळाखाली सापडतात त्यांचा शब्द एक असला, तरी अर्थ एक राहत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. मराठी आणि हिंदी यांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरांत शब्दांच्या गमती रोज घडतात. पुण्याहून आलेल्या माझ्या एका भाच्याने जवाहरलाल नेहरू मार्गावरची 'शिक्षा संकुल' ही पाटी वाचून गंभीरपणे विचारले होते, "मावशी, येथे एवढ्या लोकांना शिक्षा होते?" अशा शब्दांना आपण हसतो आणि पुढे जातो. 'बादल' हा शब्दही मी अशाच शब्दांत जमा करून टाकला होता. एकदा यजमानांनी चंद्रसिंह बिरकाळी या राजस्थानी कवींचे 'बादळी' हे पुस्तक घरी आणले. मी नाव वाचले आणि मनात म्हटले, पाहू या इकडचे वादळ कसे असते ते. आत पाहिले तो वादळाचा पत्ता नाही. तहानलेल्या मरुभूमीने आकाशातल्या लहानशा ढगाला केलेले ते आर्जव होते. राजस्थानीत आपल्यासारखाच 'ळ' आहे, त्यामुळे माझी फसगत अधिकच झाली. शब्दांचे हे साम्य योगायोगाचे असावे असे समजून मी पुस्तक मिटले. एका शिक्षिकेला न शोभणारा आळस माझ्या हातून घडला, आणि त्याची किंमत पुढे द्यावी लागली.

माझी नात जयपुरातच जन्मली. घरात मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी अशा तिन्ही वाऱ्यांत ती वाढली. मराठी शब्द तिच्या लक्षात राहावेत म्हणून मी तिला एक युक्ती शिकविली होती. हिंदीतल्या पुष्कळ शब्दांच्या आरंभीचा 'ब' काढून 'व' ठेवला की मराठी शब्द हाती येतो : बाघ-वाघ, बीस-वीस, बिजली-वीज, बरात-वरात, बालू-वाळू. तिला हा खेळ फार आवडे. सहा वर्षांची पोर दिवसभर घरात शब्द पालटीत फिरे.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक होता. श्रीवर्धन, दिवेआगर या भागांतील पोफळी आणि माडांच्या वाड्या एका दिवसात झोपल्या. आपण सारे तेव्हा करोनामुळे घरांत कोंडलेले. दादाच्या घरचा दूरध्वनी लागत नव्हता. तीन दिवस मी खिडकीपाशी बसून होते. चौथ्या दिवशी कोणाच्या तरी मोबाइलवरून दादाचा आवाज ऐकू आला. घर उभे होते, छप्पर गेले होते, आणि वडिलांनी लावलेल्या पोफळींपैकी उभी राहिलेली झाडे बोटांवर मोजावी इतकीच होती. पोफळ लावल्यावर पहिले पीक हाती येण्यास सहा-सात वर्षे लागतात. दादा तेव्हा शहात्तर वर्षांचा होता. तो इतकेच म्हणाला, "आता लावायची कोणासाठी?"

मी दूरध्वनी खाली ठेवला, आणि त्याच घटकेला नात छतावरून धावत खाली आली. बाहेर आभाळ भरून आले होते. उन्हाने भाजलेल्या त्या दिवसांत पहिल्यांदाच ऊन झाकले गेले होते. टाळ्या पिटीत ती ओरडली, "आजी, वादळ आलं! काळं काळं वादळ आलं! चल ना बघायला!"

बंधु-भगिनींनो, मी त्या पोरीच्या अंगावर ओरडले. "वादळ म्हणजे काय ते ठाऊक तरी आहे का तुला? त्याला ढग म्हणतात, ढग! येत नसेल मराठी तर बोलू नये!" हे माझे शब्द. आजन्म मुलांच्या चुका सुधारणाऱ्या बाईचे शब्द. पोर जागच्या जागी थबकली. रडली नाही. हळूच म्हणाली, "मी 'ब'चा 'व' केला." आणि वर निघून गेली.

त्यानंतर तिने ढगाला 'ढग' म्हटले नाही आणि 'वादळ'ही म्हटले नाही. ती 'बादल' म्हणू लागली. पुढे हळूहळू, जिथे चुकण्याची शक्यता वाटे अशा प्रत्येक जागी तिने हिंदी शब्दाचा आसरा घेतला. मी काही विचारले तर उत्तर मिळे, पण माझ्याशी बोलण्याआधी ती मनात वाक्य तपासून घेते आहे हे मला दिसू लागले. एक शब्द दुरुस्त करताना मी तिच्या हातून कितीतरी शब्द काढून घेतले होते.

तिचे ते वाक्य, 'मी ब चा व केला', मला स्वस्थ बसू देईना. एके रात्री मी कोश उघडले. आयुष्यभर मेघदूत शिकविणाऱ्या मला मेघाची बहुतेक नावे पाठ होती. परंतु 'वार्दल' हा शब्द कोशांतच अधिक आढळणारा, वाङ्मयात क्वचित भेटणारा. त्याचा अर्थ पावसाळी, अभ्राच्छादित दिवस. 'वार्' म्हणजे पाणी. पालीत तो 'वद्दलिका' झाला, अर्थ तोच, पावसाळी हवा. प्राकृतात 'वद्दल' झाला, आणि तेथे त्याचा अर्थ ढग. राल्फ टर्नर यांचा हिंद-आर्य भाषांचा तौलनिक कोश १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात या एकाच मुळाखाली हिंदी 'बादल' आणि मराठी 'वादळ' ही दोन्ही भावंडे शेजारी शेजारी बसलेली आहेत. 'वादळ' हा शब्द 'वात' म्हणजे वारा यापासून निघाला असावा असा माझा आयुष्यभराचा समज होता. तो वाऱ्यापासून आला नव्हता, पाण्यापासून आला होता. सहा वर्षांच्या पोरीने जो नियम लावला, तो भाषाशास्त्राने मान्य केलेला नियम होता. आणि चूक तिची नव्हती, माझी होती.

मग प्रश्न उरला तो अर्थाचा. एकाच शब्दाचा अर्थ उत्तरेत ढग आणि आपल्याकडे तुफान कसा झाला? शब्दांचे अर्थ नेमके कोणत्या क्षणी वळले ते सांगणारा साक्षीदार नसतो. तरी मी जे दोन्हीकडे पाहिले ते सांगते. जयपुरात वर्षाकाठी सुमारे सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या किनाऱ्यावर अडीच-तीन हजार. जेथे पाऊस दुर्मिळ, तेथे भरून आलेला दिवस म्हणजे आशा. आपल्या जंतरमंतरमध्ये सम्राट यंत्रावर आषाढी पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी ज्योतिषी ध्वज उभारतात आणि वाऱ्याची दिशा पाहून पावसाचे भाकीत करतात, हे आपण पाहिले असेल. जवळजवळ नव्वद फूट उंच अशा त्या यंत्राच्या माथ्यावर सारे शहर वाऱ्याला एकच प्रश्न विचारीत असते : पाणी आणतोस का? आणि जेथे होडी समुद्रात आहे, तेथे तोच भरून आलेला दिवस म्हणजे धास्ती. तोच दिवस, तेच आकाश. पाहणाऱ्याची तहान निराळी आणि भीती निराळी. संस्कृतातल्या 'दुर्दिन' शब्दाचेही असेच झाले. कोशात त्याचा अर्थ ढगाळ दिवस असा आहे. मराठीत मात्र दुर्दिन म्हणजे वाईट दिवस.

हवामानशास्त्राने तर माझी आणखी एक अढी काढून टाकली. १९८० मध्ये आपल्या हवामान खात्याच्या 'मौसम' या नियतकालिकात वायव्य भारतातील धुळीच्या वादळांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शास्त्रज्ञांनी 'आंधी' हाच आपल्या गल्लीतला शब्द पारिभाषिक म्हणून वापरला आहे. उन्हाने तापलेली हवा वर चढते, उंच काळा मेघ तयार होतो. त्यातून पाऊस सुटतो, पण खालची हवा इतकी कोरडी असते की थेंब वाटेतच विरून जातात. थेंब विरताना हवा थंड व जड होते आणि वेगाने खाली कोसळून जमिनीवर चहूबाजूंस पसरते. तिच्या आघाडीला जी धूळ उसळते, ती आंधी. म्हणजे १९७३ मध्ये माझे पापड उडविणारी ती धुळीची भिंत हे वर उभ्या असलेल्या एका बादलाचे पाऊल होते! मांजींनी चार थेंबांत जे ओळखले, ते मला समजायला अर्धे शतक लागले. अर्थात आंधी नेहमीच गारवा देऊन जाते असे नाही. २ मे २०१८ च्या रात्री राजस्थान आणि उत्तर प्रदेशात अशाच आंधीने आणि पावसाने शंभराहून अधिक माणसांचा बळी घेतला. आपल्या शेजारचे अलवर, भरतपूर आणि धौलपूर हे जिल्हे त्यात होरपळले. बादलातही वादळ असते.

आणि वादळातही बादल असतो, हे जून २०२३ मध्ये आपण सर्वांनी अनुभवले. अरबी समुद्रात उठलेले 'बिपरजॉय' १५ जूनला कच्छमध्ये जखौजवळ किनाऱ्यावर आले. किनाऱ्यावर त्याने नासधूस केली. मग ओसरत ओसरत ते राजस्थानात शिरले, आणि बाडमेर, जालोर, सिरोही, पाली या जिल्ह्यांत, ऐन कोरड्या ज्येष्ठात, पाण्याचे लोट वाहू लागले. समुद्रावरचे वादळ मरुभूमीत येईतो बादल झाले होते. ते नाव बांगलादेशाने सुचविलेले. बंगालीत त्याचा अर्थ आपत्ती. पण शब्द आपल्या ओळखीचा आहे, 'विपर्यय'. मराठीत विपर्यय म्हणजे उलटापालट. एका शब्दाचे दोन अर्थ सोसत बसलेल्या माझ्यासारखीच्या दारी येणाऱ्या वादळाला याहून योग्य नाव कोणते मिळणार?

त्या पावसात मी नातीला जवळ बोलावले. ती तेव्हा नऊ वर्षांची झाली होती. तीन वर्षे उशिरा मी तिला सांगितले, "त्या दिवशी तू बरोबर होतीस. मी चुकले होते." कोश काढून तिला दाखविला. तिने दोन्ही शब्दांवर बोट ठेवले आणि विचारले, "मग तू ओरडलीस का?" तेव्हा मी तिला प्रथमच पोफळींची गोष्ट सांगितली. तिच्या पणजोबांनी झाडे कशी लावली, होड्या परत येईपर्यंत बायका किनाऱ्यावर कशा उभ्या राहत, आणि तिच्या आजीच्या कानांत 'वादळ' हा शब्द कसा ऐकू येतो, हे सर्व. व्याकरण मी तिला पुष्कळ शिकविले होते. त्या शब्दामागचे घर मात्र कधी दाखविले नव्हते. घर न दाखविता शब्द दुरुस्त करू पाहिला, तेथेच माझे चुकले.

आपले मंडळ पन्नास वर्षांचे झाले. गणेशोत्सव झाले, नाटके झाली, हळदीकुंकवे झाली, आणि दर वर्षी कोणीतरी व्यासपीठावरून खंत व्यक्त केली की आपली मुले चुकीचे मराठी बोलतात. मीही ती केली आहे. आज मी वेगळी विनंती करते. आपले मूल जेव्हा चुकीचा वाटणारा मराठी शब्द बोलेल, तेव्हा त्याला एकदा विचारावे, हा शब्द तू कसा केलास? कदाचित ते चुकलेलेच असेल. तेव्हा खुशाल सुधारावे. परंतु कदाचित दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे राहून त्याला असे काही दिसले असेल, जे एकाच भाषेच्या माजघरात वाढलेल्या आपल्याला दिसत नाही. आणि मूल बोलते आहे तोवरच त्याची चूक सुधारता येते. ते गप्प झाले की सुधारायला काही उरत नाही.

दादाने त्या पावसाळ्यात रोपे लावली की नाही, असे आपण विचाराल. लावली. कोणासाठी, ते तो सांगत नाही. गेल्या दिवाळीत नात श्रीवर्धनला जाऊन ती पाहून आली. आता जयपुरात आभाळ भरून आले की ती माझ्या खोलीत डोकावते आणि विचारते, "आजी, आज काय म्हणायचं?" मग आम्ही दोघी छतावर जातो. नाहरगडाच्या मागे पाहतो. वारा पडलेला असला, रंग पिवळा होऊ लागला, की कपडे गोळा करून खाली येतो. थेंब येणार असे वाटले, तर तेथेच थांबतो, आणि ती खुशाल म्हणते, "वादळ आलं!" मी तिला सुधारीत नाही.

 मंडळास शतकमहोत्सव पाहावयास मिळो, आणि त्या व्यासपीठावर आज खाली सतरंजीवर बसलेल्या या मुलांपैकी कोणीतरी मराठीतून बोलो, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.